हौद्याचं अस्तर

गाडी दिसायच्या आधी तिचा वास येतो. मिरकरवाडा बंदरावर मासे भरून आंबा घाट चढणाऱ्या पिकअपपैकी एखादी रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीकडे वळली, की पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला पेंटर हातातला पाणीपेपर खाली ठेवतो आणि पोऱ्याला सांगतो, "पाइप जोड रे, बांगडा आला." गाडी उलटी घेत घेत शेडमध्ये शिरते, गाडीवाले चाचा खाली उतरतात, फाळका धाडकन पडतो आणि तिघेही काही न बोलता हौद्यात बघत राहतात.

बघण्यासारखं तिथे फारसं नसतं. तळाला कधीकाळी ठोकलेला जीआय पत्रा, त्याच्या कडेने उतरलेले तपकिरी ओघळ, सांध्यात सुकून बसलेले खवले. पेंटर खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतो आणि फाळक्याजवळच्या कोपऱ्यात टोचतो. घाट चढताना बर्फाचं पाणी सगळं इथेच येऊन जमतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला लागून थांबायला हवं. ते दांड्यापर्यंत आत जातं.

"दोनच वर्षं झाली की पत्रा मारून," चाचा म्हणतात.

"म्हणूनच, चाचा," पेंटर म्हणतो.

पंचवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेल्या या माणसाला हे 'म्हणूनच' उमगायला बराच काळ लागला. रत्नागिरीत पिकअप घेतली की पहिल्याच आठवड्यात हौद्याला काहीतरी 'मारून' घ्यायची रीत आहे. कोणी प्लाय टाकतो, कोणी रबरी मॅट, कोणी जीआय पत्रा, हौशी असला तर अॅल्युमिनियमची चेकर प्लेट. हे सगळं पॉप रिव्हेटने ठोकायचं, म्हणजे कंपनीने रंगवून दिलेल्या शाबूत तळाला पन्नास-साठ भोकं आपल्याच हाताने पाडायची. मग वरून क्रेट ठेवायचे, क्रेटात मासे, माशांवर बर्फ. बर्फ वितळतो, त्यात माशाचं रक्त आणि खारं पाणी मिसळतं, आणि ते त्या भोकांतून पत्र्याखाली जाऊन बसतं. वरचा पत्रा उन्हात वाळतो. खालचं पाणी वाळत नाही. चेकर प्लेटची तऱ्हा आणखी न्यारी. अॅल्युमिनियम आणि लोखंड हे दोन धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. काही महिन्यांत प्लेटच्या खालच्या अंगाला पांढरी भुकटी धरते. वरून गाडी चकचकीत दिसते, ते मात्र खरं.

गंमत म्हणजे अमेरिकेतही पिकअपवाले असेच फसले होते. तिथे हौद्यात बसवायचं तयार प्लास्टिकचं भांडं मिळायचं, अजूनही मिळतं. ते तळाला चिकटलेलं नसतं. गाडीच्या थरथरीने ते खालच्या रंगावर घासत राहतं आणि फटीत शिरलेलं पाणी तिथेच मुक्काम ठोकतं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे मिशिगन-ओहायोकडच्या गाड्यांचं दुखणं मिरकरवाड्याच्या गाड्यांपेक्षा फार वेगळं नाही. यावर उपाय निघाला तो फवारून मारायच्या अस्तराचा, म्हणजे पत्र्यावर ठेवायचा नव्हे तर पत्र्याला धरून बसेल असा थर. पॉलियुरेथेन हे रसायन जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत १९३७ साली तयार झालं होतं. हौद्यांच्या धंद्यात ते रुळलं अर्ध्या शतकानंतर. हे अस्तर मारणाऱ्या कंपन्यांपैकी ऱ्हायनो लायनिंग्ज १९८८ पासूनची आणि लाइन-एक्स १९९३ पासूनची, दोन्ही कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या. अशा दुकानांत दोन रसायनं साधारण ६५ अंशांपर्यंत तापवून, २००० पीएसआयच्या आसपासच्या दाबाने गनच्या तोंडाशी एकत्र करतात. पत्र्यावर पडलेला थर काही सेकंदांत घट्ट होतो. तळाला तो तीन मिलिमीटरपर्यंत जाड असतो.

मिरजोळ्याच्या शेडमध्ये यातलं काही नाही. इथे आहे एक जुना कॉम्प्रेसर आणि किटमधल्या बाटल्या : तीन भाग राळ, एक भाग हार्डनर. बाटलीत ओतायचं, दोन मिनिटं खळखळून हलवायचं, बाटलीच्याच तोंडाला गन लावायची आणि ५० पीएसआयच्या आसपास मारायचं. थर अमेरिकन यंत्राच्या मानाने पातळ बसतो, पण गाडीच्या नेहमीच्या रंगापेक्षा कितीतरी जाड. काळा, खरखरीत, बोट फिरवलं तर वाळलेल्या फणसाच्या सालीची आठवण करून देणारा.

पहिलं किट पेंटरच्या हातात आलं ते तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. शहरातल्या एका थारवाल्याने पुण्याहून आणून दिलं, "आतल्या फरशीला मारून दे" म्हणून. हवा कोरडी, ऊन कडक. डब्यावर लिहिल्याप्रमाणे केलं आणि काम असं उतरलं की पेंटर स्वतःच दोनदा जाऊन हात फिरवून आला. त्याच संध्याकाळी त्याच्या डोक्यात मिरकरवाड्याच्या पिकअप घोळू लागल्या. थारवाला वर्षातून चारदा समुद्रावर जातो. चाचांच्या गाडीत समुद्र रोज येतो. अस्तराची खरी गरज कोणाला?

पण चाचांची गाडी फेब्रुवारीत मिळत नाही. होड्या चालू आहेत तोवर गाडीला सुट्टी नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि तेवढ्याच दिवसांत पिकअप मोकळ्या होतात. म्हणजे हौद्याचं काम करायचं ते रत्नागिरीच्या जून-जुलैत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात, जिथे या दिवसांत मीठ बरणीत पाझरतं आणि चामड्याच्या चपलांना बुरशी धरते.

पहिला हौदा त्याने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मारला, चाचांच्याच दुसऱ्या एका गाडीचा. शेडवर पाऊस कोसळत होता, पण आत तर एक थेंब नव्हता. तळ घासला, पुसला, हाताला कोरडा लागला. संध्याकाळी दोन हात मारून घरी गेला. सकाळी येऊन बघतो तर सगळ्या तळावर बारीक बारीक भोकं. घावनाला जाळी पडावी तशी. घावनाला जाळी पडली की घरातली बाई खूश होते. इथे जाळी पडली म्हणजे खारं पाणी थेट खाली जायला हजार वाटा झाल्या. ग्राइंडर लावून दोन दिवस तो काळा थर खरवडून काढावा लागला. काही ठिकाणी तो अर्धा चिकटलेला होता, काही ठिकाणी पापुद्र्यासारखा उचलून हातात येत होता. किटचे पैसे बुडाले ते त्याने चाचांना सांगितलं नाही. चाचांनी ओळखलं, आणि तेही बोलले नाहीत.

चूक किटची नव्हती. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने राळेशी जोडून घ्यावं आणि चिवट थर व्हावा, अशी सगळी मांडणी असते. पण आयसोसायनेटला पाणीही तितकंच चालतं. पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बाहेर पडायला वाट शोधणारा तो वायू अस्तरात बुडबुडे धरतो. हीच करामत मुद्दाम करून घेतली की गादीचा फोम तयार होतो. पेंटरने न ठरवता हौद्यात गादी घातली होती. हाताला कोरडा लागलेला पत्रा कोरडा नव्हता. पावसाळी हवेत थंड लोखंडाला घाम येतो, फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला येतो तसा, आणि तो पातळ घाम डोळ्यांना दिसतही नाही. जहाजांना रंग देणाऱ्या लोकांचा एक ठोकताळा आहे : ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते, त्याच्यापेक्षा पत्रा निदान ३ अंशांनी गरम असला पाहिजे. हा ठोकताळा पेंटरला जेटीवर काम केलेल्या एका पोराने सांगितला, टपरीवर, चहा पिता पिता. इतकी वर्षं रंग मारून आपल्याला हे कसं माहीत नव्हतं याचं त्याला वाईट वाटलं. साध्या रंगाने कधी इतकी कडक परीक्षा घेतलीच नव्हती, हेही खरं.

डब्यावरचा 'आयसोसायनेट' हा शब्द मात्र त्याला अनोळखी नव्हता. पेंटर चौथीत असताना तो वर्तमानपत्रांत रोज छापून यायचा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आतलं मिथाइल आयसोसायनेट तापलं आणि शहरावर पसरलं. इथल्या बाटलीतलं रसायन त्याच कुळातलं असलं तरी ते नव्हे. भोपाळचं ३९ अंशांना उकळून वायू होणारं, हे जड, बाटलीत स्वस्थ बसणारं. धोका होतो तो गनमधून त्याचं धुकं झाल्यावर. पण नुसतं आडनाव सारखं असलं तरी माणूस दोनदा वळून बघतो. पेंटरने डबा फिरवून बारीक अक्षरांतली सूचना वाचायला घेतली, चष्मा नव्हता, आणि तो डबा फळीवर परत गेला. त्या दिवशी त्याच्या तोंडाला कोविडच्या वेळचा कापडी मास्क होता. त्याला तेवढं पुरेसं वाटलं होतं.

आता शेडमध्ये काम चार दिवस चालतं.

पहिला दिवस उचकटण्याचा आणि धुण्याचा. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवायची, पत्रा उचलायचा. खाली जे दिसतं ते प्रत्येक वेळी वेगळं आणि प्रत्येक वेळी तेच : लोखंडाचे पापुद्रे, एकावर एक, जुन्या वहीची पानं फुगावीत तसे. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला, पत्र्याला, रिव्हेटलाही खालून उचलतो. पापुद्रे पडले की मग धुणं. पेंटर धुण्याला पाणी वापरतो ते पागोळ्यांचं. शेडच्या कडेला दोन निळे ड्रम लावून ठेवलेत. जवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं आणि मीठ काढायला मचूळ पाणी वापरणं म्हणजे चिखलाने पाय धुणं. गंजाच्या खळग्यात मिठाचे कण दडलेले असतात. ते तसेच राहिले आणि वरून अस्तर मारलं, तर तेच कण अस्तरातूनसुद्धा ओलावा खाली ओढून घेतात आणि काही महिन्यांनी तिथे फोड येतो. म्हणून तीनदा धुवायचं, दर वेळी ब्रशने घासून. तिसऱ्या धुण्यानंतर पेंटर ओल्या पत्र्याला बोट लावून जिभेवर ठेवतो. पोऱ्याला याची किळस येते. पण खारट लागलं तर चौथं धुणं त्यालाच करावं लागतं.

नंतर तेल. तारली आणि बांगडा हे तेलकट मासे. त्यांचं तेल सांध्यांत मुरलेलं असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. साबणाचं गरम पाणी, मग थिनरचं फडकं, मग लगेच कोरडं फडकं. एकच फडकं फिरवत राहिलं तर तेल निघत नाही, नुसतं पसरतं. शेवटी वरून तांब्याभर पाणी ओतून बघायचं. पाणी एकसंध चादरीसारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब होऊन पळू लागलं तर तेल आहे. 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार मराठीत आयुष्याच्या क्षणभंगुरपणासाठी वापरतात. या शेडमध्ये तो पुन्हा थिनर घ्यायचा हुकूम आहे.

दुसऱ्या दिवशी भोकं. कोपऱ्यातलं भोक भाकरीएवढं निघालं. वेल्डरकडून तिथे नवा तुकडा जोडून घेतला. मग ग्राइंडर. इथे पोऱ्याची पहिल्या वर्षी एक चूक व्हायची. तो तारेच्या व्हीलने लोखंड आरशासारखं चकाकवायचा आणि अभिमानाने दाखवायचा. अस्तराला चकाकी नको असते, ओरखडे हवे असतात, धरायला जागा हवी असते. आता तो ८० नंबरच्या डिस्कने आडवे-उभे ओरखडे काढतो आणि चकाकणारा ठिपका दिसला की स्वतःच परत फिरतो. लगेच इपॉक्सी प्रायमर, कारण या हवेत उघडं लोखंड दुपारच्या जेवणाला जाऊन येईपर्यंत तांबूस होतं.

टेपिंगला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे देताना कुरकुरतं. केबिनची मागची काच, टायर, नंबरप्लेट, दिवे, सगळं प्लास्टिकने गुंडाळायचं. एकदा शेडच्या बाहेर कोणाची तरी पांढरी स्कूटी उभी होती. वाऱ्याची झुळूक आली आणि मोहरीची फोडणी अंगावर उडावी तसे तिच्यावर काळे ठिपके उठले. ते ठिपके निघत नाहीत. न निघणं हाच त्यांचा गुण आहे. तळातली पाणी जायची भोकं मात्र आठवणीने राखायची. पेंटर त्यांत ग्रीस लावलेल्या चिंध्यांच्या बोळ्या बसवतो. अस्तर मारून झाल्यावर त्या उपटायच्या, नाहीतर हौद्याची बादली होते.

मग वाट बघायची. यंदा तिसरा दिवस पूर्ण वाट बघण्यात गेला. शेडमध्ये चार हॅलोजन दिवे हौद्याखाली आणि आत लावून ठेवलेत. पत्रा कोमट राहतो. पेंटर बाहेर खुर्ची टाकून आभाळ बघतो. लावणीवाले शेतकरी पावसाची वाट बघत असतात तेव्हा हा एकटा उघडीप मागत असतो. भिंतीवर दोनशे-तीनशे रुपयांचा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा यंत्राचा तुकडा आहे. आर्द्रतेचा आकडा नव्वदवर आहे तोवर पोऱ्याने बाटल्यांना हात लावायचा नाही. चाचा दिवसातून दोनदा फोन करतात. "आत तर पाऊस नाही ना?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

पोऱ्याने या रिकाम्या दिवसात मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. हौद्यात हातोडे मारतात, विटा ओततात, अस्तराला काही होत नाही. २०१६ साली शेव्रोलेने अशीच एक जाहिरात केली होती, अस्तर नसलेल्या हौद्यांची. लोडरने बागेतल्या सजावटीच्या विटा फोर्डच्या अॅल्युमिनियम हौद्यात ओतल्या, त्याला भोकं पडली. आपल्या पोलादी हौद्यात ओतल्या, नुसते पोचे आले. पेंटरने ती दोनदा पाहिली. "आपल्याकडे विटा पडत नाहीत, पाणी पडतं," तो म्हणाला, आणि परत आभाळाकडे बघू लागला. ते त्याने बरोबर ओळखलं आहे. पोचा आलेला हौदा वर्षानुवर्षं चालतो. गंजलेला हौदा घाटात क्रेटसकट खाली बसतो.

चौथ्या दिवशी अकरा वाजता ऊन पडलं. आकडा पंच्याहत्तरवर आला. पोऱ्या उठला, पेंटर उठला नाही.

कारण आता गन पोऱ्या धरतो. पहिल्या पावसाळ्यात पेंटरला रात्रीचा खोकला सुरू झाला होता. काम संध्याकाळी, खोकला मध्यरात्री, म्हणून त्या दोघांचा संबंध कोणी लावला नाही. पावसाळी हवा आहे, म्हणून घरात सुंठीचा काढा झाला. गणपतीत दहा दिवस शेड बंद होती, तेव्हा खोकला गेला. काढ्याला श्रेय मिळालं. ऑक्टोबरमध्ये एका टेम्पोचा हौदा मारला आणि त्याच रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" आणि मग, "सुट्टीत बरं वाटतं का?" या दुसऱ्या प्रश्नावर पेंटर गप्प झाला. आयसोसायनेटची सवय शरीराला होत नाही, उलट होतं. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की नंतर अगदी थोडं धुकंही दम्याचा झटका आणायला पुरतं. आणि बहुतेकदा त्याचा वास येतो तो सुरक्षित मर्यादा ओलांडली गेल्यावरच, म्हणून वासावर भिस्त ठेवता येत नाही.

ही भीती अकारण नाही. २००३ साली मिशिगनमध्ये हेच काम करणारा ४५ वर्षांचा एक कामगार एका व्हॅनच्या आतल्या भागात अस्तर फवारल्यानंतर दम्याच्या झटक्याने गेला. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेच्या कामगार आरोग्याच्या संशोधन संस्थेने, 'नायोश'ने, खास हौद्यांच्या अस्तराच्या धंद्यासाठी एक इशारा-पुस्तिका काढली. बंदिस्त आणि हवा खेचून घेणारी जागा, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा, कामगारांची नियमित तपासणी, असा तिचा सारांश. तिथे माणूस गेल्यावर पुस्तिका निघाली. इथे अस्तराची किटं चार दिवसांत कुरिअरने घरी येतात आणि सोबत येतात ते पातळ प्लास्टिकचे हातमोजे.

पेंटरने ब्लोअर आणि लांब नळी असलेला हवेचा मुखवटा घेतला. त्याला स्वतःला तो घालूनही आत जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. पोऱ्या बावीस वर्षांचा आहे. दर सोमवारी तो एका नळीत जोराने फुंकतो आणि येणारा आकडा पेंटर वहीत लिहितो, गाड्यांच्या नंबरांशेजारी. आकडा उतरला तर गन बंद, असं ठरलं आहे. ज्या कामाने एकाची छाती गेली ते दुसऱ्याच्या हाती द्यावं का, हा प्रश्न शेडमध्ये कोणी मोठ्याने विचारत नाही. त्या वहीवरून एवढं कळतं की तो विचारला गेला आहे.

तर पोऱ्या मुखवटा चढवून प्लास्टिकच्या पडद्याआड जातो आणि पेंटर पडद्याबाहेर, रस्त्याच्या अंगाला उभा राहतो. आतलं धूसर दिसतं, पण तो बघत नाही, ऐकतो. गन पत्र्याच्या फार जवळ गेली की फवारा ओला बसतो आणि आवाज घोगरा होतो. फार लांब गेली की आवाज मोकळा होतो आणि थर वाळूसारखा कोरडा पडतो. ब्लोअरच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही, म्हणून पेंटर शेडच्या खांबावर पान्याने ठोकतो : एकदा म्हणजे जवळ घे, दोनदा म्हणजे लांब धर. आधी कोपरे आणि सांधे, मग बाजू, शेवटी तळ. तळ केबिनकडून सुरू करून फाळक्याकडे, मागे मागे सरकत. शेणाने सारवणारी बाई दाराकडे पाठ करून मागे येते, अगदी तशी. पोऱ्याला हे शिकवताना त्याने हेच उदाहरण दिलं. पोऱ्याच्या घरी टाइल्स आहेत, त्याने सारवण पाहिलेलं नव्हतं. आजीला विचारून आला.

एक हात मारायला पंधरा मिनिटं लागतात. चार दिवसांतली पंधरा मिनिटं. तासाभराने दुसरा हात, त्यालाही पंधरा. दुसऱ्या हाताच्या मध्यावर पुन्हा पाऊस आला, शेडवर ताशे वाजल्यासारखा. पेंटरने खांबावर ठोकलं नाही. गनचा आवाज सारखा चालू होता, ना घोगरा ना मोकळा.

सकाळी पडदा काढला तेव्हा त्याने आधी चष्मा पुसला. बॅटरी तिरपी धरून सगळा तळ पाहिला, कोपऱ्यातली नवी जोड दोनदा. जाळी नव्हती. बोळ्या उपटून तांब्याभर पाणी ओतलं, ते चारही भोकांतून खाली पडलं. चाचा आले, त्यांनी हात फिरवला, तळव्याकडे बघितलं, "पत्र्याच्या दुप्पट पैसे घेतोस, भाऊ," म्हणाले आणि पैसे दिले. पहिल्या वर्षी खरवडून परत मारलेल्या त्या हौद्याला यंदा तिसरा पावसाळा आहे. क्रेट ओढून ओढून मध्ये दोन पट्टे गुळगुळीत झालेत. स्क्रूड्रायव्हर मात्र कुठेही आत जात नाही.

आता पेंटरची एकच तक्रार आहे. अस्तर दुसऱ्या दिवशी कोरडं दिसतं, पण पुरं घट्ट व्हायला आठवडा घेतं, आणि त्या आठवड्यात त्यावर भरलेले क्रेट ओढले तर ते फाटतं. बंदी उठायची तारीख सगळ्यांना पाठ असते, तरी गाड्या येतात त्या २८ आणि २९ जुलैला, एकदम सहा. म्हणून यंदा त्याने शेडच्या खांबावर उरलेल्या काळ्या अस्तरानेच लिहून ठेवलंय : '२० जुलैनंतर हौदा घेतला जाणार नाही.' आज २२ तारीख आहे आणि शेडबाहेर दोन पिकअप उभ्या आहेत. त्यातली एक चाचांच्या भाच्याची.